खानदेशातील उष्मा, पाणी आणि यंत्रांचे शीतन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

खानदेशच्या अर्वाचीन इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, रेल्वे, सहकार, स्वातंत्र्यलढा आणि आदिवासींचे उठाव या विषयांभोवती झाले आहे. या सर्व घडामोडींमध्ये यंत्राचा प्रवेश ही एक समान घटना दिसते. रेल्वे आली, पाठोपाठ सरकी काढण्याचे जिन आणि गठाण बांधण्याचे प्रेस आले, पुढे कापडगिरण्या, विहिरीवरील ऑइल इंजिने, मालमोटारी आणि विजेचे पंप आले. यंत्र आल्याने काय बदलले याची चर्चा पुष्कळ झाली आहे. यंत्र या भूमीत आल्यावर त्याला येथील हवामानाशी कसे जुळवून घ्यावे लागले, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

जळगाव, भुसावळ व धुळे परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नवलाची बाब नाही. अशा प्रदेशात उष्णतेवर चालणारे यंत्र थंड ठेवावयाचे म्हणजे त्यासाठी पाणी, हवा, तेल आणि माणसाचे श्रम यांची सतत तजवीज करावी लागते. ही तजवीज गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कोणत्या टप्प्यांतून गेली, प्रत्येक टप्प्यात तिचा भार कोणावर पडला आणि आजच्या भूजलप्रश्नाशी तिचा काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे ‘खानदेश’ हा शब्द १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन होण्यापूर्वीच्या जिल्ह्याच्या अर्थाने वापरला आहे. आजचे जळगाव व धुळे जिल्हे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा त्यात येतात. विवेचनाचा भर जळगाव व धुळे या जिल्ह्यांवर आहे.

यंत्र का तापते?

ऐतिहासिक विवेचनापूर्वी एक शास्त्रीय बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग लहान डिझेल इंजिनात प्रत्यक्ष कामास येतो. साधारण तेवढाच भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंती, वंगण व शीतन व्यवस्था यांना वाहून न्यावी लागते. ही उष्णता वेळीच निघाली नाही तर वंगण पातळ होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन ‘जाम’ होते.

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि तिच्या वहनाचा वेग दोन्ही तापमानांतील अंतरावर अवलंबून असतो. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरील हवा १५ अंशांवर असेल तर हे अंतर ८० अंशांचे होते. हवा ४५ अंशांवर गेली की ते ५० अंशांवर येते. म्हणजे समशीतोष्ण देशात पुरेसा ठरणारा रेडिएटर जळगावच्या उन्हाळ्यात इतर परिस्थिती समान असताना सुमारे पाच-अष्टमांश क्षमतेनेच काम करतो. परदेशी बनावटीची अनेक यंत्रे येथे प्रथमतः अडखळली असतील, तर त्याचे एक मूलभूत कारण या साध्या गणितात आहे.

मात्र बाहेरचे ऊन हे तापण्याचे एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. याचे उत्तम उदाहरण खानदेशाच्या अगदी विरुद्ध हवामानात सापडते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९३७ मध्ये बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या वाहनाचे पेटंट मिळवले आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी बाजारात आली. पुढील काळातील द्रवशीत इंजिनांच्या बर्फगाड्यांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या गाडीच्या पोटाखाली बसवल्या गेल्या. फिरणारा पट्टा सुटा बर्फ वर उडवतो, तो या पट्ट्यांवर पडून वितळतो आणि इंजिन थंड राहते. परंतु वाट कडक गोठलेली असेल आणि सुटा बर्फ उडत नसेल, तर शून्याखालील तापमानातही हीच गाडी तापते. टर्बोचार्जर बसवलेल्या अधिक शक्तीच्या गाड्यांमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो. तात्पर्य, उष्णता वाहून नेणारे माध्यम यंत्रापर्यंत पोहोचते की नाही, हा निर्णायक मुद्दा आहे. बर्फगाडीला सुटा बर्फ हवा. खानदेशातील यंत्रांना दीर्घकाळ पाणी हवे होते, आणि पाणी हीच येथील दुर्मिळ वस्तू होती.

वाफेचे युग : भुसावळ आणि रेल्वे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा-इगतपुरी हा थळ घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याच दशकात लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे गेला. १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडणी होऊन मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग सिद्ध झाला. नागपूरकडे व जबलपूरकडे जाणारे मार्ग भुसावळ येथे विभागत असल्याने एका लहानशा गावाचे मोठ्या रेल्वे-नगरात रूपांतर झाले. या नगराच्या निवडीत तापी नदीचे सान्निध्य हा दुय्यम घटक नव्हता. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते आणि तापीचे पात्र भुसावळपासून जवळ आहे.

वाफेच्या इंजिनात ‘तापणे’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता. तेथे अग्निपेटीच्या छतावर पाण्याचा थर कायम असावा लागे. पाण्याची पातळी खाली गेल्यास छताचा पत्रा उघडा पडून लाल होई आणि बॉयलर फुटण्याचा धोका निर्माण होई. यासाठी त्या छतात शिशाने भरलेली गुडदी बसवलेली असे. पत्रा प्रमाणाबाहेर तापला की शिसे वितळून वाफ आगीवर येई आणि आग मंदावे. शिशाची गुडदी जळणे ही ड्रायव्हर व फायरमन यांच्या दृष्टीने गंभीर बाब होती. यंत्राच्या सुरक्षिततेची जबाबदारी अशा प्रकारे दोन माणसांच्या सतत जागत्या नजरेवर टाकलेली होती, आणि ती नजर वैशाखातील उन्हात आगीच्या तोंडाशी उभे राहून ठेवावयाची होती.

दुसरा प्रश्न पाण्याच्या गुणवत्तेचा होता. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. असे पाणी उकळले की नळ्यांवर क्षारांचा थर जमतो. हा थर धातूच्या तुलनेत उष्णतेचा फारच मंद वाहक असल्याने आगीकडील धातू अधिक तापतो, कोळसा अधिक लागतो आणि नळ्यांचे आयुष्य घटते. म्हणून ठराविक काळाने इंजिन थंड करून बॉयलर धुणे हे लोको शेडमधील नित्याचे व कष्टाचे काम होते. शेडमधील मनुष्यबळाचा मोठा भाग अशा न दिसणाऱ्या कामांत गुंतलेला असे.

तिसरा प्रकार चाकांच्या आसांचा. जुन्या डब्यांच्या आसपेट्यांत तेलात भिजवलेले सूत वा लोकर भरलेली असे. धूळ शिरली अथवा तेल आटले की घर्षणाने पेटी तापे. रेल्वेच्या बोलीत यालाच ‘हॉट अॅक्सल’ म्हणतात. गाडी फलाटावर येताना रेल्वे कर्मचारी वासावरून, धुरावरून आणि हाताच्या स्पर्शावरून तापलेली पेटी ओळखत असत. पुढे रोलर बेअरिंगचा वापर वाढल्यावर हा प्रश्न पुष्कळ कमी झाला. तथापि अनेक दशके लांब पल्ल्याच्या गाड्यांची सुरक्षितता या अनुभवजन्य ज्ञानावर अवलंबून होती, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदवली पाहिजे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळपर्यंतच्या मुख्य मार्गाचे विद्युतीकरण झाले. विजेच्या इंजिनालाही शीतन लागते. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेल पंपाने फिरवून गार केले जाते आणि मोटारींवर पंख्यांनी हवा सोडली जाते. परंतु मार्गावरील पाण्यावरचे त्याचे अवलंबन संपले. जागोजागी इंजिनात पाणी भरण्याची निकड नाहीशी झाल्याने गाड्यांच्या थांब्यांचे स्वरूप आणि लहान स्थानकांचे महत्त्वही बदलले.

जिन, गिरण्या आणि विहिरीवरील ऑइल इंजिन

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला आलेली तेजी आणि त्याच सुमारास आलेला लोहमार्ग यांनी खानदेशच्या व्यापाराला नवे वळण दिले. जळगाव, धुळे, अमळनेर येथे जिन-प्रेस व गिरण्या उभ्या राहिल्या. अमळनेर येथील प्रताप मिल प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन केली. वाफेवर चालणाऱ्या अशा कारखान्यांना बॉयलरसाठी आणि वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी मुबलक पाणी लागे. कारखान्याच्या जागेची निवड करताना कापूस व लोहमार्ग यांच्याइतकेच विहीर अथवा तलाव यांचे महत्त्व होते.

शेतीच्या क्षेत्रात मात्र खानदेशाजवळ यंत्राविना पाणी खेळवण्याची समृद्ध परंपरा होती. पांझरा, कान, बुराई या नद्यांवर बंधारे बांधून पाटाने पाणी शेतापर्यंत नेणारी फड पद्धती साक्री-धुळे परिसरात शतकानुशतके चालत आली. पाण्याचे वाटप सामुदायिक नियमांनी आणि पाटकऱ्याच्या देखरेखीखाली होई. १८८४ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी सरकारी नोकरीच्या आरंभी दातर्ती येथे पाट नाल्यापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधला, तो याच प्रदेशात. गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या या पाण्याला इंधन लागत नव्हते, त्यामुळे तेथे काही तापण्याचा प्रश्नही नव्हता.

ऑइल इंजिनाने हे चित्र बदलले. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये जर्मनीत झाली. महाराष्ट्रात सातारा रोड येथील कूपर आणि १९४६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, तसेच गुजरातेत राजकोट येथील अनेक कारखाने यांनी शेतीपंपासाठी इंजिने पुरविली. मोटेची जागा इंजिनाने घेतली आणि पाणी उपसण्याचा निर्णय सामुदायिक न राहता ज्याच्या विहिरीवर इंजिन त्याचा झाला.

या इंजिनांच्या शीतनाच्या दोन पद्धती विशेष उल्लेखनीय आहेत. पहिलीत सिलिंडरभोवतीच्या पोकळीला जोडलेल्या टाकीत अथवा हौदात पाणी भरून ठेवत. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड पाणी खाली येते, या नैसर्गिक अभिसरणावर इंजिन थंड राही. दुसरीत पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून पाणी इंजिनातून फिरवत व पुढे पाटात सोडत. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला सुमारे ३.७ किलोवॅट उष्णता पाण्यात टाकावी लागते असे धरले आणि पाणी ३० अंशांनी तापू दिले, तर ताशी सुमारे शंभर लिटर पाणी पुरते. उपशाच्या मानाने हे प्रमाण नगण्य आहे, शिवाय ते पाणी पिकालाच मिळते. नव्या साहित्याची फारशी गरज नसलेली ही अत्यंत सुटसुटीत योजना होती.

तिचा एक दोष मात्र होता. विहिरीचे गार पाणी मोकळेपणाने सोडल्यास इंजिन गरजेपेक्षा अधिक थंड राहते. मग ज्वलन अपुरे होते, धूर वाढतो, सिलिंडरची झीज होते आणि डिझेल अधिक जळते. म्हणजे उष्ण प्रदेशातील शेतकरी यंत्र तापण्याच्या धास्तीने ते अतिथंड ठेवून इंधनाचे नुकसान सोशीत होता. नळीवरील कॉक किती उघडावा याचे तारतम्य असलेला मिस्त्री ज्या गावात होता, तेथे हा खर्च वाचत असे. हे तारतम्य पुस्तकात नव्हते. निघणाऱ्या पाण्याला हात लावून ते ठरवले जाई.

महामार्ग, घाट आणि टर्बोचार्जर

मुंबई-आग्रा मार्ग धुळ्यावरून जातो. दक्षिणेस लळिंगचा घाट, उत्तरेस पळासनेरपुढील सातपुड्याची चढण आणि चाळीसगावहून मराठवाड्यात जाणाऱ्यांसाठी कन्नडचा घाट, यांमुळे खानदेशातील मालवाहतूक घाटांनी वेढलेली आहे. चढणीवर इंजिन पूर्ण ताकदीने चालते, पण गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरवर येणारी हवा घटते. त्यात पाठीमागून वारा असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. ‘गाडी गरम झाली’ हा वाक्प्रयोग याच अनुभवातून रूढ झाला. पाण्याचे डबे बरोबर बाळगणे, घाटाच्या पायथ्याशी पाणी पाहणे, दुपार टाळून रात्री घाट चढणे या चालकांच्या सवयी म्हणजे उष्णतेविरुद्धची एक अलिखित कार्यपद्धतीच होती. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधील प्रथाही याच वर्गात मोडते. मात्र त्यामुळे थंडीत इंजिन योग्य तापमानावर येण्यास विलंब लागतो आणि मूळ दोष, उदाहरणार्थ क्षारांनी चोंदलेला रेडिएटर, तसाच राहतो.

टर्बोचार्जरने या प्रश्नाला नवे परिमाण दिले. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबणे हे त्याचे तत्त्व. १९६२ पासून भारतात आलेली आणि १९६४ पासून वाराणसी येथे तयार होऊ लागलेली २६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ रेल्वे इंजिने टर्बोचार्जरयुक्त होती. रस्त्यावरील अवजड वाहनांत २००० नंतर प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तसतसा टर्बोचार्जर व इंटरकूलर यांचा वापर सार्वत्रिक झाला.

हवा दाबली की ती तापते. दाब दुप्पट केला आणि दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १५ अंशांवरील हवा सुमारे १०५ अंशांवर जाते. ४५ अंशांवरील हवा मात्र सुमारे १४५ अंशांवर पोहोचते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे अधिक हवा देण्याचा मूळ हेतूच अंशतः फसतो आणि इंजिनावरील उष्णतेचा ताण वाढतो. म्हणून दाबलेली हवा सिलिंडरपूर्वी गार करणारा इंटरकूलर अपरिहार्य ठरतो. तो मुख्य रेडिएटरच्या पुढे बसवला असल्यास त्याला लागून गेलेली गरम हवाच रेडिएटरला मिळते. अशा रचनेत जाळीत अडकलेली धूळ, कापसाचे तंतू वा कडब्याचा भुसा यांनी थोडाही अडथळा आणला, तर दोन्ही उपकरणे एकाच वेळी निकामी होऊ लागतात. त्यामुळे टर्बो इंजिन तापल्यास प्रथम जाळीची स्वच्छता, पंख्याचा पट्टा, शीतद्रवाची पातळी आणि हवेच्या नळ्यांची गळती पाहणे व त्यानंतरच मोठ्या दुरुस्तीकडे वळणे हा क्रम योग्य ठरतो. चढ संपताच इंजिन लगेच बंद न करता काही वेळ मंद गतीने चालू ठेवणेही आवश्यक असते, अन्यथा टर्बोच्या तप्त बेअरिंगमधील तेल जळते. ओढ्यातून डबाभर पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतणे हा जुना उपाय येथे पुरेसा पडत नाही, उलट जड पाण्यातील क्षार सूक्ष्म मार्ग बंद करतात.

वीज, सबमर्सिबल आणि खोल जाणारे पाणी

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत विहिरीवरील ऑइल इंजिनांची जागा विजेच्या मोटारींनी घेतली. वीजनिर्मितीचा एक मोठा आधार याच प्रदेशात, भुसावळजवळ दीपनगर येथे उभा राहिला. औष्णिक केंद्र हे स्वतःच एक प्रचंड शीतन व्यवस्था असते. कोळशाच्या उष्णतेचा मोठा भाग कंडेन्सरच्या पाण्यामार्फत हवेत सोडावा लागतो आणि त्यासाठी तापीवरील हतनूर धरणाचे पाणी वापरले जाते. शेतातील इंजिनाचे तापणे संपले असे वाटले, तेव्हा ते प्रत्यक्षात नदीकाठी एकवटले होते.

शेतातही प्रश्न नव्या रूपाने परतला. विजेचा दाब कमी असताना मोटार तेवढाच भार ओढण्यासाठी अधिक प्रवाह घेते, तारांचे वेष्टन तापते आणि मोटार जळते. सबमर्सिबल पंपाची मोटार तर सभोवतीच्या वाहत्या पाण्यानेच थंड होते. बोअरमधील पाणी खाली गेले की ती कोरडी फिरते आणि थोड्याच वेळात जळते. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागायतीसाठी झालेल्या उपशाने भूजल खोल गेले आहे. तेथे मोटार जळणे हा यांत्रिक बिघाड असला तरी त्याचे कारण भूगर्भात आहे. रिवायंडिंगचा खर्च, तो होईपर्यंत पाण्याविना उभे पीक आणि पुढे आणखी खोल बोअर व अधिक अश्वशक्तीची मोटार, या साखळीत लहान शेतकरी सर्वाधिक भरडला जातो. ऑइल इंजिन तापले तर कॉक उघडता येत होता. आता उघडावयास पाणीच उरले नाही, हा या इतिहासातील सर्वांत गंभीर टप्पा होय.

ठिबक सिंचनाच्या प्रसारात जळगाव जिल्हा अग्रेसर राहिला, ही आश्वासक बाब आहे. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेद्वारे सौर पंपांचाही विस्तार होत आहे. परंतु सौर पट्टिकांची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि तापमान एक अंशाने वाढले की ती साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. ६५ अंशांपर्यंत तापलेली पट्टिका सुमारे १६ टक्के शक्ती गमावते. ऊन मुबलक आहे म्हणून शक्तीही तितकीच मिळेल, हा समज खानदेशात तपासून घ्यावा लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, खानदेशातील यांत्रिकीकरणाच्या प्रत्येक टप्प्यात शीतनाचे माध्यम बदलले. बॉयलरचे पाणी, विहिरीचे पाणी, रेडिएटरची हवा, ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि शेवटी भूजल अशी ही मालिका आहे. दुसरा, उष्णतेचा प्रश्न बहुधा एका जागेहून दुसऱ्या जागी हलवला गेला, तो सुटलाच असे म्हणता येत नाही. तिसरा, यंत्र चालते ठेवण्याचे श्रेय आराखडा करणाऱ्यांइतकेच फायरमन, मिस्त्री, मालमोटारचालक आणि रिवायंडिंग कारागीर यांना द्यावे लागते. स्थानिक हवामानाशी जुळणारी कार्यपद्धती त्यांनीच घडवली.

हे ज्ञान आता वेगाने लुप्त होत आहे. वाफेच्या इंजिनांवर काम केलेली पिढी वृद्ध झाली आहे आणि हौदाची ऑइल इंजिने भंगारात गेली आहेत. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, पदार्थविज्ञान व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील कारागिरांच्या मुलाखती, जुन्या यंत्रांच्या नोंदी आणि गावनिहाय विहिरींच्या खोलीचा कालक्रम तयार केला, तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी उत्तम विषय मिळेल आणि पाण्याच्या नियोजनालाही ठोस आधार लाभेल. उन्हाळा अधिक कडक होत असताना कोणते यंत्र घ्यावे, या प्रश्नाइतकाच ते थंड ठेवण्यासाठी पाणी कोठून आणि कोणाच्या वाट्यातून येणार, हा प्रश्न खानदेशाने आजच विचारला पाहिजे.